बोआचे पिल्लू घेताना मातृवृक्ष विचारा

महोदय,

हापूसचे कलम घ्यायला रोपवाटिकेत गेलेला आपला माणूस आधी मातृवृक्ष विचारतो. काडी कुठल्या झाडाची, ते दरवर्षी धरते की वर्षाआड, फळात साका निघतो का. तोच माणूस मुलाच्या हट्टापुढे नमून बोआ सापाचे पिल्लू घ्यायला निघाला की मोबाईलवरचा एक फोटो आणि '66 टक्के हेट' एवढे वाचून पैसे पाठवून मोकळा होतो. हे 66 टक्के कशाचे, ते विकणाऱ्यालाही पुष्कळदा सांगता येत नाही, म्हणून हे पत्र.

आधी नावाचा घोटाळा मिटवू. बोआ म्हणजे इथे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले बोआ कन्स्ट्रिक्टर व बोआ इम्परेटर. आपल्याकडचे मांडूळ आणि डुरक्या घोणस हे त्यांच्याच गोतावळ्यातले, पण ते आपले वन्य जीव. त्यांना पकडणे, पाळणे, विकणे हा सरळ गुन्हा आहे. 'देशी बोआ' म्हणून कोणी मांडूळ पुढे केले तर भाव न विचारता वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.

परदेशी बोआ पाळता येतो, पण नोंदणी करून. वन्यजीव संरक्षण कायद्यातली 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि बोआ चौथ्या अनुसूचीत आला. नोंदणीचे नियम 28 फेब्रुवारी 2024 चे. आता नवा प्राणी ताब्यात आला की 30 दिवसांच्या आत 'परिवेश' संकेतस्थळावर अर्ज करायचा. पिल्लांचा जन्म आणि मालकीतला बदलही कळवावा लागतो. म्हणजे सरळमार्गी विकणाऱ्याकडे पिल्लाच्या आईबापांची नोंद असतेच. ती मागितल्यावर जो गुळमुळीत बोलतो, त्याचे रंगाबद्दलचे बोलणे तरी कशावर खरे मानायचे?

आता रंग. बोआचे पिल्लू म्हणजे कलम नव्हे, कोय. कलमात मातृवृक्ष जसाच्या तसा उतरतो. हापूसच्या कोयीतून काय निघेल ते फळ धरेपर्यंत कळत नाही, कारण अर्धा वाटा कुठल्या तरी परागाचा असतो. बोआत काही रंग प्रभावी जनुकांचे आहेत. उदाहरणार्थ 'हायपो': आई किंवा बाप यांपैकी एकाकडून जनुकाची एक प्रत आली तरी पिल्लावर दिसतो. काळा रंग नसलेला अल्बिनो आणि लाल रंग नसलेला 'अ‍ॅनेरी' हे अप्रभावी. दोघांकडून एकेक प्रत आली तरच दिसतात. एकच प्रत असलेले पिल्लू साधे तपकिरीच दिसते, पण रंग पोटात बाळगून असते. तेच 'हेट'.

हेट नर आणि हेट मादी यांची 20 पिल्लांची वीण धरू. सरासरीने 5 अल्बिनो, 15 साधी दिसणारी. या 15 पैकी 10 हेट आणि 5 निव्वळ साधी, पण कोणती कोणती ते डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणून पंधराही '66 टक्के हेट' म्हणून विकली जातात. म्हणजे 66 टक्के हा पिल्लाचा गुण नव्हे, ती आपल्या अज्ञानाची मोजणी आहे. हेट आणि निव्वळ साधा अशी जोडी असेल तर पिल्ले '50 टक्के'. आणि आईबापांपैकी एक जरी प्रत्यक्ष अल्बिनो असेल तर साधे दिसणारे प्रत्येक पिल्लू 100 टक्के हेट, त्यात शक्यतेचा प्रश्नच नाही. आई अल्बिनो असल्याचा फोटो दाखवून पिल्लाला '66 टक्के' म्हणणाऱ्याने एक तर गणित शिकलेले नाही, नाही तर फोटो दुसऱ्याच मादीचा आहे.

पुढे वीण घ्यायची म्हणून 66 टक्क्यांची जोडी घेणाऱ्यांनी आणखी एक हिशेब करावा. दोन्ही पिल्ले खरोखर हेट असण्याची शक्यता नवात चार, म्हणजे निम्म्याहूनही कमी. मादी विणीला यायला तीन-चार वर्षे लागतात, तोवर काही कळायचे नाही. खात्री करायची तर असे पिल्लू मोठे झाल्यावर अल्बिनोशी जोडावे. एक जरी अल्बिनो जन्मला तर सिद्ध. दहा पिल्ले होऊनही एकही नाही, तर हेट असण्याची आशा सोडलेली बरी.

अल्बिनोतही वाण आहेत. 'काह्ल' आणि 'शार्प' हे दोन्ही दिसायला जवळचे, पण जनुके वेगळी. एकाचा नर आणि दुसऱ्याची मादी जोडली तर सगळी पिल्ले साधीच निपजतात. वाण न सांगता नुसते 'अल्बिनो' म्हणून विकलेले पिल्लू विणीच्या दृष्टीने आंधळे. 'सनग्लो' म्हणजे अल्बिनो अधिक हायपो. पण हायपोच्या दोन प्रती असलेला 'सुपर' आणि एकच प्रत असलेला, यांत नजरेने फरक करणे अवघड, त्यामुळे 'सुपर'चे जादा पैसे मागितले तर सिद्ध कसे केले ते विचारा. 'मॉटली' हा नक्षीचा एक प्रकार; मॉटली-मॉटली जोडीतली, त्याच्या दोन प्रती असलेली 'सुपर मॉटली' पिल्ले बहुधा लहानपणीच दगावतात. अशी काळीकुळकुळीत पिल्ले कोणी दुर्मिळ म्हणून गळ्यात मारत असेल तर घेऊ नये.

बापाचे नाव नसणे ही सबब मात्र दर वेळी खोटी नसते. नराशिवाय झालेल्या बोआच्या दोन विणींतल्या 22 पिल्लांचा अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. सगळ्या माद्या, आणि सगळ्यांवर आईचाच दुर्मिळ कॅरॅमल रंग. पण 'बाप ठाऊक नाही' म्हणणाऱ्या विक्रेत्याकडे हा चमत्कार घडला असेल असे धरून चालू नये.

पावतीवर काय असावे याचा नमुना देतो: 'मादी, जन्म अमुक तारीख. आई काह्ल अल्बिनो, बाप हेट काह्ल. एकूण वीण 22: अल्बिनो 9, साधी 13. हे पिल्लू साधे, 100 टक्के हेट. पहिली कात अमुक दिवशी, त्यानंतर चार वेळा खाल्ले, उलटी नाही.' विणीतला एकूण आकडा अवश्य मागावा. रंगांची वाटणी सांगितलेल्या जोडीशी जुळते का, हे त्यावरूनच ताडता येते. एक-दोनचा फरक चालतो. हेट-हेट म्हणवणाऱ्या जोडीच्या 25 पिल्लांत एकही अल्बिनो नसेल तर दोघांतला एक तरी बहुधा हेट नाही.

नवा अप्रभावी रंग वाढवताना भावंडे किंवा आई-मुलगा जोडले जातात. अशा विणीत कण्याला किंवा शेपटीला गाठ, बारीक डोळा, कधी एक डोळाच नसणे असे दोष येतात. पिल्लू हातात घेऊन मानेपासून शेपटीपर्यंत अंगठा हळू फिरवावा, खडा लागल्यासारखे वाटले तर परत द्यावे. हनुवटीखालच्या खाचेत काळे ठिपके हलताना दिसले तर ते गोचिडासारखे माइट. तेही चालणार नाही, कारण त्यांच्यामार्फत आयबीडी हा विषाणूजन्य रोग पसरतो असे मानले जाते. हा रोग आईकडून पोटातल्या पिल्लांनाही जातो, आणि बोआ वर्षानुवर्षे वरून ठणठणीत दिसू शकतो. रक्ताच्या काचपट्टीवर पेशींत गोळे दिसले तर रोग आहे, न दिसले म्हणून नाही असे होत नाही; पीसीआर चाचणी अधिक भरवशाची. घरात आधीचा साप असेल तर नव्याला किमान 90 दिवस वेगळ्या खोलीत, वेगळ्या चिमट्याने आणि वेगळ्या पाणभांड्याने ठेवावे.

किनाऱ्यावर याची एक खास गुंतागुंत आहे. वारंवार उलटी हे आयबीडीचे लक्षण, आणि तेच थंडाव्याचेही. पिल्लाला उबेची बाजू 31-32 अंश आणि गार बाजू 26 च्या आसपास लागते. जुलैत वादळी रात्री वीज गेली, पेटी गार झाली की संध्याकाळी गिळलेला उंदीर सकाळी बाहेर. मग घरमालक विकणाऱ्याच्या वंशावळीला दोष देतो आणि विकणारा घरमालकाच्या निष्काळजीपणाला. वादळाच्या इशाऱ्याच्या दिवसांत खायला घालू नये. उलटी झालीच तर दोन आठवडे उपाशी ठेवून पुढचे भक्ष्य निम्म्या आकाराचे द्यावे. पावसाळ्यात सोडणाचा भुसा पेटीत घालू नये, दोन दिवसांत बुरशी धरतो आणि पोटाच्या खवल्यांवर फोड येतात. कोरडा वर्तमानपत्राचा कागद रोज बदलावा आणि पेटीला दोन बाजूंनी हवा खेळती ठेवावी. खरे तर पहिले पिल्लू पावसाळा सरल्यावर, नोव्हेंबरनंतरच घ्यावे.

हातभर पिल्लाची सात फुटी मादी होते आणि ती वीस-पंचवीस वर्षे जगते. जमेना म्हणून तिला देवराईत किंवा खाडीकाठच्या झाडीत सोडणे तर मुळीच नाही. मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर 1971 मध्ये सोडलेले बोआ आजही तिथले पक्षी आणि सस्तन प्राणी खात आहेत, आणि तिथली उबदार, दमट हवा आपल्याहून फार निराळी नाही. सांभाळता येत नसेल तर नोंदणीतल्या दुसऱ्या मालकाकडे रीतसर हस्तांतर करावे किंवा वनखात्याला कळवावे. तेव्हाही घेणारा पहिल्यांदा आईबापांचा कागदच मागेल.

आपला,
एक सर्प अभ्यासक, रत्नागिरी