बाबांच्या सीटी स्कॅनबद्दल

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

रिपोर्ट वाचला. आई, मेंदूत कॅल्शियम साचलंय म्हणून तू बाबांचं दूध-दही बंद केलंस, असं दादा म्हणाला. कृपा करून आजच पुन्हा सुरू कर. खाण्यातल्या कॅल्शियमने हे होत नाही.

सीटीत दोन्ही बाजूंना सारखे पांढरे ठिपके दिसतात ती जागा बेसल गँग्लियाची. हालचालींवर ताबा ठेवणारी. उतारवयात तिथे थोडंफार कॅल्शियम पुष्कळांना दिसतं आणि त्याचा त्रास काहीच नसतो. पण बाबांचे ठिपके मोठे आहेत, छोट्या मेंदूतही आहेत. शिवाय पाय घासत चालणं, जड झालेली जीभ, बारीक होत गेलेलं अक्षर. आणि आई, त्यांचं हल्लीचं चिडणं, हिशेबात अडकणं हेही त्याच आजाराचं असू शकतं. त्यांच्यावर रागावू नकोस गं.

रिपोर्टात या आजाराचं 'फार' हे नाव आहे. थिओडोर फार या जर्मन डॉक्टरांनी १९३० मध्ये असा एक रुग्ण नोंदवला होता. पण नुसत्या स्कॅनवर हे नाव पक्कं होत नाही. बाबा, तुमचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं होतं ना? थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. ऑपरेशनमध्ये त्यांना इजा झाली तर रक्तातलं कॅल्शियम उतरतं, फॉस्फरस चढतं, आणि वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर मेंदूत असेच साठे होतात. बोटांना मुंग्या येतात, पोटऱ्यांत गोळे येतात असं तुम्ही म्हणत होता, म्हणून माझं मन तिकडे धावतंय. तसं निघालं तर औषध आहे! साठे विरघळत नाहीत, पण त्रास बराच कमी होऊ शकतो.

तेव्हा डॉक्टरांना कॅल्शियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम, व्हिटॅमिन डी आणि पीटीएच (पॅराथायरॉइडचं संप्रेरक) या रक्ततपासण्यांबद्दल नक्की विचारा. मनाने कॅल्शियमच्या गोळ्या मात्र सुरू करू नका.

सगळं नॉर्मल आलं तर आनुवंशिक प्रकाराचा विचार करावा लागेल. २०१२ पासून त्याची काही जनुकं सापडली आहेत. त्याच्या बहुतेक प्रकारांत प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी असते. बाबा, याचं ओझं तुम्ही घेऊ नका. साठे असूनही काहींना आयुष्यभर लक्षणं येत नाहीत, आणि माझी तपासणी करायची की नाही ते मी समुपदेशकांशी बोलून ठरवीन.

ऑपरेशनची जुनी फाइल कपाटात वरच्या खणात असेल. ती आणि सीटीची सीडी सोबत न्या. डॉक्टरांकडे असाल तेव्हा मला फोन लावा, मीही ऐकेन.

तुमची,
सोनू