नॉर्वेहून नायगावला

ती. आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रोज फोन होत असताना पत्र कशाला, असे आई म्हणेल. पण फोनवर बाबा दोन मिनिटांत "बरं, सांभाळून राहा" म्हणतात आणि विचारायचे ते राहून जाते. गेल्या रविवारी मात्र त्यांनी विचारलेच, की फुटबॉलच्या सलग पाच सामन्यांत पहिल्या अकरात तुझे नाव का दिसत नाही. मी आवाज तुटतो आहे असे सांगून फोन ठेवला. आवाज तुटत नव्हता, म्हणून हे लिहीत आहे.

ऑगस्टमध्ये डाव्या मांडीच्या मागचा स्नायू, ज्याला आम्ही हॅमस्ट्रिंग म्हणतो, तो थोडा फाटला. शस्त्रक्रिया नाही, प्लास्टर नाही, मी पहिल्या दिवसापासून चालतो आहे. विंगरला, म्हणजे मैदानाच्या कडेने हल्ला करणाऱ्या खेळाडूला, ही दुखापत काही जगावेगळी नव्हे. रेषेलगत उभे राहायचे, चेंडू आला की समोरच्या फुल-बॅकला, म्हणजे कडेच्या बचावपटूला, चकवून पूर्ण वेगाने निघायचे, गोलसमोर क्रॉस टाकायचा आणि चेंडू गेला की तेवढ्याच वेगाने मागे यायचे, हेच ज्याचे काम, त्याचा हा स्नायू सर्वांत आधी कुरकुरतो. सरावात बनियनसारखा एक पट्टा घालतो, त्यात पाठीवर जीपीएसचे छोटे यंत्र असते आणि ते माझा वेग मोजते. माझा जुना वेग त्यावर पुन्हा दिसेपर्यंत मला सामन्यात उतरवणार नाहीत. म्हणजे काळजी करणारी माणसे येथेही आहेत, एवढेच आईने लक्षात घ्यावे. गणपतीत मी हे सांगितले नाही, कारण आरतीच्या वेळी फोन फिरवून तुम्ही सगळ्या मजल्याला माझे तोंड दाखवत होता.

"विंगरचे आयुष्य किती?" हा बाबांचा प्रश्न रास्त आहे. युरोपातील सर्वोत्तम खेळाडूचा पहिला पुरस्कार 1956 मध्ये मिळाला तो स्टॅन्ली मॅथ्यूज विंगरच होता आणि तो 1965 मध्ये, पन्नाशी पूर्ण झाल्यावरही, इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत एक सामना खेळला. तो अपवाद होता हे मला कळते. बहुतेकांचा वेग तिशीनंतर उतरतो आणि मग काही जण एक जागा मागे, फुल-बॅक म्हणून, खेळू लागतात. मी सत्तावीस वर्षांचा आहे. प्रशिक्षक मला सध्या सरावात डाव्या फुल-बॅकच्या जागी उभे करतात, ते केवळ संघाकडे पर्याय असावा म्हणून. आपल्या देशाचा गुरप्रीत सिंग संधू 2014 ते 2017 या काळात येथल्या स्टाबेक क्लबात होता, हे मीच तुम्हाला सांगितले होते. पण तो गोलरक्षक आणि गोलरक्षकाची वर्षे वेगळी मोजतात, हे मात्र मी तेव्हा सांगितले नव्हते.

आता एक गोष्ट सांगतो, जी अजूनही माझ्या डोक्यात नीट बसलेली नाही. येथे "दुग्नाद" नावाची चाल आहे. श्रमदान म्हणावे तर ते कुणाच्या जयंतीला, फोटोपुरते नसते. वसंतात एका शनिवारी क्लबाशी संबंधित सर्व माणसे, म्हणजे खेळाडू, मुलांचे आईबाप, निवृत्त शिक्षक, सारे फावडी आणि रंगाचे डबे घेऊन येतात, बाकडी रंगवतात, कचरा उचलतात आणि शेवटी कॉफी आणि वाफल खाऊन घरी जातात. सक्ती कोणावरही नाही. मात्र जो येत नाही त्याला कोणी काही बोलत नाही आणि ते बोलण्यापेक्षा वाईट असते. येथपर्यंत आपल्या चाळीच्या मंडपासारखेच. पण वर्गणीची तऱ्हा ऐका. क्लबातील लहान मुले प्रवासखर्चासाठी दारोदार जाऊन संडासातला कागद विकतात. गठ्ठेच्या गठ्ठे! परवा वरच्या मजल्यावरची आठ वर्षांची मुलगी बेल वाजवून उभी राहिली. मी पाणी वापरणारा माणूस, पण तिला नाही कसे म्हणणार? तीन गठ्ठे घेतले, ते कपाटावर आहेत आणि खाली पडू नयेत म्हणून त्यांना आईने दिलेल्या दोरीने बांधले आहे. हे असे विचित्र आहे, पण गाव माझ्याशी चांगले वागते, हे सांगायचे होते.

आता पैशांचे. या महिन्याची रक्कम पाठवली आहे. ती थोडी कमी आहे, कारण सामना खेळल्यावर मिळणारा भत्ता बाकावर बसून मिळत नाही. पगार मात्र पूर्ण आहे. बाबांनी माझ्यासाठी भविष्यनिर्वाह निधीतून काढलेल्या पैशांपैकी निम्मे फिटले. उरलेले मी विसरलेलो नाही. रेल्वेतली क्रीडा कोट्याची नोकरी घेतली असती तर आत्यालाही माझ्या स्थळासाठी अडखळावे लागले नसते, हे मला मान्य आहे. मुलीकडच्यांनी "फुटबॉल ठीक, पण नोकरी काय करतात?" असे विचारले, तर यावर्षी थांबा असेच सांगावे. करार हंगामाअखेर संपतो आणि नव्या कराराचे बोलणे मी मैदानावर परतल्यावर होईल.

छकुलीच्या लग्नाचा मुहूर्त डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातला निघाला, याचा आनंद झाला. येथला हंगाम नोव्हेंबरात संपतो, म्हणून मी पोहोचणारच. मात्र संघ वरच्या श्रेणीत चढण्याच्या जागांमध्ये आला, तर त्याचे जादा सामने डिसेंबरातही जाऊ शकतात. सध्या आम्ही तेथे आहोत. अशा वेळी आपला संघ हरावा असे भावाच्या मनात यावे की नाही, हे तिला विचारू नका. तिच्या हळदीला मी असेन, असे सांगा. तिकीट काढले आहे. तारीख बदलता येणारे घेतले, म्हणून थोडे महाग पडले.

तुमचा,
बाळू