फंक्शनल ॲनालिसिस उदाहरणांपासून शिकवावे

मा. संपादक,
स. न.

पदव्युत्तर गणिताच्या विद्यार्थ्याला फंक्शनल ॲनालिसिसचा, म्हणजे फलनांच्या किंवा क्रमिकांच्या अनंत मितीच्या अवकाशांच्या अभ्यासाचा, पहिला अभ्यासक्रम ज्या क्रमाने शिकवला जातो, तो क्रम बदलावा, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. हा विषय मी अनेक वर्षे शिकवला आहे आणि त्याच्या तोंडी परीक्षाही घेतल्या आहेत.

अशाच एका परीक्षेत एका विद्यार्थिनीने हान–बनाख प्रमेय (लहान अवकाशावर संख्या देणारी सीमाबद्ध रेषीय क्रिया, म्हणजे फलनक, तिचा आकार न वाढवता मोठ्या अवकाशावर नेता येते), झॉर्नच्या लेमावर (अनंत निवडी एकदम करू देणाऱ्या तत्त्वावर) आधारलेल्या सिद्धतेसह, कुठेही न अडखळता सांगितले. त्यानंतर मी तिला विचारले, की जिच्या पदांच्या वर्गांची बेरीज सांत आहे, पण खुद्द पदांची बेरीज सांत नाही, अशी धन संख्यांची एखादी क्रमिका सांग. ती गप्प राहिली. उत्तर १, १/२, १/३, १/४ असे सरळ होते. १ + १/२ + १/३ + … ही बेरीज वाटेल तेवढी वाढत जाते आणि वर्गांची बेरीज मात्र पायचा वर्ग भागिले सहा इतकी भरते, हे दोन्ही तिला पदवीच्या वर्गापासून ठाऊक होते. ठाऊक असलेल्या गोष्टीची आणि नव्या विषयाची गाठच कोणी घालून दिली नव्हती. दोष तिचा नव्हता, कारण वर्षभर तिला हा विषय मीच शिकवला होता.

आम्ही शिक्षक सुरुवात करतो ती नॉर्मच्या, म्हणजे सदिशाच्या लांबीच्या, व्याख्येपासून. मग बनाख अवकाश (नॉर्म असलेले ‘पूर्ण’ अवकाश, ज्यात पदे एकमेकांच्या वाटेल तेवढी जवळ येत जाणाऱ्या प्रत्येक क्रमिकेला सीमा मिळतेच), मग चार मोठी प्रमेये, आणि वेळ उरलाच तर शेवटच्या आठवड्यात कॉम्पॅक्ट ऑपरेटर, म्हणजे सांत मितीच्या सारण्यांसारख्या वागणाऱ्या रेषीय क्रिया. विषय घडला तो जवळजवळ उलट्या दिशेने. फ्रेडहोम यांनी १९०० ते १९०३ या काळात, ज्यांतील अज्ञात फलन समाकलन चिन्हाच्या आत असते अशी समीकरणे हाताळली. हिल्बर्ट यांनी १९०४ ते १९१० या वर्षांतील लेखांमध्ये त्यांवरून अनंत चलांचा सिद्धांत उभा केला. आणि आज पहिल्या तासाला फळ्यावर लिहिली जाणारी नॉर्मची गृहीतके बनाख यांच्या प्रबंधातून १९२२ मध्ये छापून आली. इतिहास जसाच्या तसा गिरवावा, असे माझे म्हणणे नाही. पण प्रश्न आधी आणि व्याख्या नंतर, हा क्रम तरी आपण त्यातून घ्यायला हवा.

सांत मितीच्या अवकाशात जे फुकट मिळते ते अनंत मितीत हातचे जाते, हा या विषयाचा गाभा आहे आणि तो दाखवायला दोन उदाहरणे पुरतात. ज्यांच्या पदांच्या वर्गांची बेरीज सांत आहे अशा क्रमिकांच्या अवकाशात पहिल्या जागी १ व बाकी सगळीकडे शून्य, दुसऱ्या जागी १ व बाकी शून्य, असे सदिश ओळीने घ्या. प्रत्येकाची लांबी १ आहे आणि कोणत्याही दोघांमधले अंतर २ चे वर्गमूळ आहे. म्हणजे त्यांतून निवडलेली कोणतीही उपक्रमिका अभिसारी होऊच शकत नाही, आणि एकक गोल बंदिस्त व सीमाबद्ध असूनही कॉम्पॅक्ट नाही. दुसरे उदाहरण अवकलनाचे. साइन एनएक्स या फलनाची कमाल किंमत १ असते, त्याच्या अवकलजाची कमाल किंमत मात्र एन होते, त्यामुळे अवकलनासारखी रोजच्या वापरातली रेषीय क्रियासुद्धा कमाल किमतीच्या या नॉर्ममध्ये संतत राहत नाही. ‘सीमाबद्ध ऑपरेटर’ अशी वेगळी व्याख्या मुळात का लागते, हे यानंतर विद्यार्थ्याला समजावून सांगावे लागत नाही.

समान सीमाबद्धतेच्या प्रमेयाचेही (पूर्ण अवकाशावरचे सीमाबद्ध ऑपरेटर प्रत्येक सदिशावर सीमाबद्ध राहिले, तर त्यांचे नॉर्मही एकत्रितपणे सीमाबद्ध राहतात) तसेच आहे. त्यातील पूर्णतेची अट विद्यार्थी लिहितात, पण ती काढली तर काय बिघडते हे त्यांना दिसलेले नसते. ज्यांची मोजकीच पदे शून्येतर आहेत अशा क्रमिका घ्या आणि एनवे फलनक म्हणजे ‘एनव्या पदाची एनपट’ असे ठरवा. एकच क्रमिका हातात धरली तर काही पदांनंतर सगळी उत्तरे शून्यच येतात, तरीही फलनकांचे नॉर्म १, २, ३ असे वाढतच जातात. एवढे पाहिले की बेअर यांचे प्रमेय (पूर्ण अवकाश कुठेही दाट नसलेल्या मोजता येण्याजोग्या संचांनी व्यापता येत नाही) सिद्धतेत नेमके कुठे कामी येते, ते शोधायला विद्यार्थी आपण होऊन मागे जातो. आणि हेच प्रमेय पुढे वापरले, की ज्यांची फूरिए श्रेणी (साइन-कोसाइनच्या अनंत बेरजेतली मांडणी) एखाद्या बिंदूत अभिसारी होत नाही अशी संतत फलने असतात हे काही ओळींत सिद्ध होते. असे फलन द्यु ब्वा-रेमाँ यांनी १८७० च्या दशकात मोठ्या कष्टाने प्रत्यक्ष रचले होते. माझ्या मते संपूर्ण अभ्यासक्रमातला हा सर्वांत सुंदर तास आहे, आणि वेळेअभावी गाळला जातो तोही बहुधा हाच.

वेळ कमी आहे, ही सहकाऱ्यांची अडचण खरी आहे. तरीही मोजता येण्याजोगा दाट उपसंच असलेल्या अवकाशात हान–बनाख प्रमेय झॉर्नच्या लेमाशिवाय, एकेक मिती वाढवत साध्या विगमनाने सिद्ध होते. व्यापक सिद्धता पुढच्या सत्रावर सोपवली, तर कॉम्पॅक्ट स्वयंसंलग्न (सममित सारणीसारख्या) ऑपरेटरच्या स्पेक्ट्रल प्रमेयासाठी (योग्य अक्ष निवडले की असा ऑपरेटर प्रत्येक अक्षावर केवळ एका संख्येने, म्हणजे आयगेन किमतीने, गुणतो) पुरेसे तास मिळतात. ते प्रमेय न शिकता विद्यार्थी बाहेर पडला, तर सममित सारणीच्या आयगेन किमतींबद्दल आधी शिकलेले सारे अनंत मितीत पुढे कुठे पोचते, ते त्याला कळतच नाही. आणि क्वांटम यांत्रिकीला फोन नॉयमन यांनी हिल्बर्ट अवकाशाची भाषा का दिली, हेही कळत नाही.

अभ्यास मंडळांनी निदान प्रश्नपत्रिकेपासून तरी सुरुवात करावी. ‘प्रमेय लिहा व सिद्ध करा’ या प्रत्येक प्रश्नासोबत ‘यातील एक अट काढून प्रमेय खोटे ठरवणारे उदाहरण द्या’ असा तितक्याच गुणांचा उपप्रश्न ठेवावा आणि तो ऐच्छिक नसावा.

आपला,
गणिताचा एक निवृत्त प्राध्यापक