पासिंग आउट परेड – सगळ्यांनी नीट वाचा 🙏

घरच्या सगळ्या मंडळींना सूचना, शनिवारी आपल्या पोराची परेड आहे आणि गेट सकाळी 7 ला बंद होतं, त्यानंतर कितीही ओळख सांगा आत सोडत नाहीत, म्हणून शुक्रवारी रात्रीच ट्रेनिंग सेंटरजवळ मुक्कामाला पोचायचं.

- फोटो असलेलं ओरिजिनल ओळखपत्र प्रत्येकाकडे हवं, मोबाईलमधला फोटो चालेलच असं नाही. पासवर ज्यांची नावं आहेत तेच आत जाणार, ऐनवेळी कुणाला सोबत आणू नका प्लीज.
- मोठ्या बॅगा, ड्रोन, चाकू-कात्री काही नको. फोन गेटवर जमा करायला लावले तर वाद घालायचा नाही.
- उन्हात बराच वेळ बसायचंय, टोपी ठेवा. आजीच्या गोळ्या काकूंनी पर्समध्येच ठेवायच्या.

परेड चालू असताना नावाने हाका मारू नका, तो बघणार नाहीये, मान हलवली तरी बोलणी खातील पोरं. आणि सगळे एकाच युनिफॉर्ममध्ये, एकसारखे केस, त्यामुळे आपला कुठला ते लगेच कळणारच नाही, तयारी ठेवा 😄 परेड संपल्यावर भेटायला सोडतात तेव्हा आधी आईबाबा, मग बाकीचे.

येणाऱ्यांनी आज रात्रीपर्यंत ग्रुपवर नाव टाका, गाडीतल्या जागा ठरवायच्यात.