फ्रेमच्या कोटींचा हिशेब

महोदय,

व्हिडिओ गेमचा फ्रेमरेट (संगणक सेकंदाला किती चित्रे, म्हणजे फ्रेम, तयार करतो) तोलताना वर्षाचा आकडा काढणे सोपे आहे: रोज २ तास खेळ म्हणजे वर्षाला २६,२८,००० सेकंद. ६० एफपीएसने (सेकंदाला ६० फ्रेम) १५ कोटी ७६ लाख ८० हजार फ्रेम, १४४ने ३७ कोटी ८४ लाख ३२ हजार. पण मॉनिटर ६० हर्ट्झचा (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा) असेल, तर १४४च्या जादा २२ कोटी फ्रेम बहुतांशी वायाच. वीज मात्र जळते. अशा वेळी सेटिंगमध्ये ६०ची मर्यादा घालावी.

सरासरीही फसवी असते. एका सेकंदात ५९ फ्रेम प्रत्येकी १० मिलिसेकंदांत आल्या आणि साठावीने ४१० घेतले, तरी सरासरी ६०च! खेळणाऱ्याला झटका बसतोच. म्हणून सर्वांत संथ १ टक्का फ्रेमचा वेग आधी पाहावा, वार्षिक बेरीज नंतर.

— एक वाचक