टूलबार हरवला म्हणून ऑडॅसिटी काढून टाकू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आवाज रेकॉर्ड करण्याचा ऑडॅसिटी हा प्रोग्राम उघडावा आणि लाल गोलाचे रेकॉर्ड बटणच जागेवर नसावे, ही तक्रार घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांकडून वरचेवर ऐकू येते. तिच्यावरचा ठरलेला सल्लाही एव्हाना सगळ्यांना पाठ झाला आहे : काढून टाका आणि पुन्हा इन्स्टॉल करा. संगणकाविषयीच्या सदरांतून तो अधूनमधून छापूनही येतो. कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला तर एक पाऊल पुढे जाऊन विंडोजच फॉरमॅट करायला घेतो. अभंगाचे, बालकवितांचे, कथावाचनाचे महिनोन्‌महिन्यांचे काम त्या फॉरमॅटमध्ये जाते, तेही एक बटण दिसत नव्हते म्हणून.

पुन्हा इन्स्टॉल करून काही का होत नाही, ते आधी पाहू. ऑडॅसिटी हा प्रोग्राम एका फोल्डरात असतो आणि त्याची सेटिंग्ज दुसऱ्या. विंडोजमध्ये ती आपल्या युजर फोल्डरातल्या ॲपडेटा, त्यातल्या रोमिंग, त्यातल्या ऑडॅसिटी या फोल्डरात, सीएफजी शेपटीच्या एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये राहतात. ही फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा. प्रत्येक टूलबारचा, म्हणजे बटणांच्या गटाचा, त्यात वेगळा परिच्छेद दिसेल : दाखवायचा की नाही, पट्टीत बसवलेला की सुटा, डावीकडून किती अंतरावर, वरून किती, रुंदी किती, उंची किती. दाखवण्याच्या ओळीपुढे शून्य असेल तर तो टूलबार दिसणार नाही. प्रोग्राम काढून टाकला तरी या फाइलला कोणी हात लावत नाही. नवी प्रत येते, जुनी फाइल वाचते आणि इमानेइतबारे तोच टूलबार पुन्हा लपवते. विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये 'रिसेट प्रेफरन्सेस' असा एक चौकोन असतो. त्यावर खूण केली तर गोष्ट वेगळी. पण आपण सगळेच 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत पुढे जातो, तो चौकोन वाचतो कोण?

खरा उपाय मेनूतच आहे. वरच्या ओळीतला चौथा मेनू 'व्ह्यू', त्यात 'टूलबार्स', त्यात 'रिसेट टूलबार्स'. एवढ्याने सगळे टूलबार मूळ जागी, मूळ मापात परत येतात. उघड्या प्रोजेक्टमधल्या आवाजाला, कापाकापीला, इफेक्टना धक्का लागत नाही. ऑडॅसिटी मराठीतही उपलब्ध आहे. ती भाषा निवडलेली असेल तर मेनूंची नावे वेगळी दिसतील, पण त्यांचा क्रम तोच राहतो, म्हणून चौथा मोजावा. एकच टूलबार हवा असेल तर त्याच यादीत त्याच्या नावावर टिचकी मारून खूण आणावी, बाकीची मांडणी आहे तशी राहते. आणि गायक माइकसमोर उभा असेल, मेनू धुंडाळायला वेळ नसेल, तर बटणाविनाही काम चालते : आर दाबले की रेकॉर्डिंग सुरू, शिफ्ट आणि आर दाबले की नव्या ट्रॅकवर सुरू, स्पेसबारने थांबते.

टूलबार मुळात जातो कुठे? त्याच्या डाव्या कडेला पकडण्यासाठी एक उंचवटा असतो. लॅपटॉपच्या टचपॅडवर बोट घसरले की हा उंचवटा पकडला जातो आणि टूलबार पट्टीतून सुटून वेगळ्या छोट्या विंडोसारखा तरंगू लागतो. मग तो मध्ये येतो म्हणून कोणीतरी त्याच्या कोपऱ्यातली फुली दाबते. फुली म्हणजे 'लपव', आणि ही आज्ञा वर सांगितलेल्या फाइलमध्ये नोंदली जाते. तरंगता टूलबार परत बसवायचा तर तो धरून वरच्या करड्या पट्टीवर न्यावा आणि बसण्याच्या जागी निळी खूण दिसली की सोडावा. निळी खूण दिसण्याआधी सोडला तर तो तिथेच तरंगत राहतो, आणि 'बसतच नाही' अशी दुसरी तक्रार सुरू होते. शाळेत किंवा सभागृहात प्रोजेक्टर जोडलेला असतो, तेव्हा सुटा टूलबार त्या दुसऱ्या पडद्यावर राहून गेलेला असू शकतो. लिनक्सवर वेलँड या, पडद्यावर विंडो दाखवण्याच्या नव्या पद्धतीचे सत्र असेल तर प्रोग्रामला स्वतःच्या विंडोची जागा ठरवताच येत नाही, त्यामुळे तरंगते टूलबार भलतीकडे उगवतात. तिथे लॉग-इन करताना एक्स-११ या जुन्या पद्धतीचे सत्र निवडावे, किंवा टूलबार सुटे ठेवूच नयेत.

कधी कधी मात्र काहीच हरवलेले नसते. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या ३.२ आवृत्तीत माइक आणि स्पीकर निवडण्याचा जुना 'डिव्हाइस टूलबार' आपोआप दिसणे बंद झाले आणि त्याच्या जागी 'ऑडिओ सेटअप' नावाचे एकच बटण आले. जुन्या आवृत्तीवर हात बसलेल्यांना ही मोडतोड वाटली. ती मोडतोड नव्हे. ज्यांना चारही खाने कायम डोळ्यांसमोर हवे आहेत, त्यांनी 'व्ह्यू'मधल्या टूलबारांच्या यादीतून 'डिव्हाइस टूलबार'वर खूण करावी. माझ्या मते रोज रेकॉर्डिंग करणाऱ्याने ती करावीच. कोणता माइक चालू आहे हे न विचारता दिसले पाहिजे.

पण हा टूलबार अरुंद ठेवला तर तोच घात करतो. खान्यात यंत्राचे पूर्ण नाव मावत नाही. 'मायक्रोफोन' हा शब्द, पुढे कंस, पुढच्या नावाची दोन-तीन अक्षरे, आणि नाव तुटते. लॅपटॉपचा अंगचा माइक आणि यूएसबीने जोडलेला चांगला माइक दोन्ही तसेच सुरू होत असल्याने खान्यात एकसारखे दिसतात. तासभर कीर्तन रेकॉर्ड होते आणि नंतर कळते की सगळे लॅपटॉपच्या पंख्याजवळच्या माइकने टिपले आहे. टूलबारची उजवी कड धरून ओढली की तो रुंद होतो, खाने लांबतात आणि नाव पूर्ण वाचता येते. माइक ऑडॅसिटी उघडल्यानंतर जोडला असेल तर तो यादीत न येण्याची शक्यता असते. त्यासाठी 'ऑडिओ सेटअप'मध्ये, आणि जुन्या आवृत्तीत 'ट्रान्सपोर्ट' मेनूत, 'रिस्कॅन ऑडिओ डिव्हाइसेस' आहे.

आवाजाची पातळी दाखवणाऱ्या मीटरचेही असेच. मीटर बोटभर उरला की त्यावरचे आकडे विरळ होतात, उणे ६ कुठे आणि शून्य कुठे हे कळेनासे होते. बोलण्याचे किंवा गाण्याचे सर्वोच्च ठोके उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान ठेवायचे असतील तर मीटर निदान अर्ध्या पडद्याइतका रुंद हवा. त्याचीही उजवी कड ओढता येते. मीटरवरच्या माइकच्या चित्रावर टिचकी मारून 'ऑप्शन्स'मध्ये गेल्यास तो आडवा की उभा हेही ठरवता येते. अरुंद लॅपटॉपवर मीटर उभा करून डाव्या कडेला लावण्याची युक्ती चांगली आहे.

आता सर्वांत जास्त गोंधळाचा भाग : टूलबार जागेवर आहे, पण बटणे मुंगीएवढी किंवा धुरकट. हे ऑडॅसिटीपेक्षा, पडद्यावरची अक्षरे-बटणे किती मोठी दाखवायची ते ठरवणाऱ्या विंडोजच्या 'स्केल' या सेटिंगचे काम आहे. १३६६ बाय ७६८ ठिपक्यांच्या (पिक्सेलच्या) लॅपटॉपवर स्केल १२५ टक्के ठेवले की प्रोग्रामच्या हाती सुमारे १०९३ बाय ६१४ एवढीच जागा उरते. टूलबार एका ओळीत मावत नाहीत, तीन-चार ओळींत घडी घालून बसतात आणि ट्रॅकला जेमतेम पाच बोटे उंची मिळते. अशा लॅपटॉपवर स्केल १०० टक्क्यांवर आणावे, आणि 'व्ह्यू'मधून न लागणारे टूलबार काढावेत. उलट, फोर-के म्हणजे दाट ठिपक्यांच्या पडद्यावर जागा भरपूर पण बटण बारीक अशी अवस्था होते. तिथे ऑडॅसिटीच्या चिन्हावर उजवी टिचकी, 'प्रॉपर्टीज', 'कंपॅटिबिलिटी', 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज' असे जावे आणि सर्वांत खालच्या 'ओव्हरराइड'च्या चौकोनात खूण करावी. पुढे तीन पर्याय येतात. 'ॲप्लिकेशन' निवडले तर बटणे रेखीव पण बारीक. 'सिस्टम' निवडले तर मोठी पण किंचित धुरकट, कारण विंडोज प्रोग्रामने काढलेले चित्र नुसते ताणते. १५० टक्क्यांवर एका ठिपक्याचे दीड ठिपके करावे लागतात. दीड ठिपका पडद्यावर नसतोच, म्हणून कडा पसरतात. २०० टक्क्यांवर एकाचे नेमके चार होतात आणि धुरकटपणा कमी जाणवतो. तिसरा पर्याय 'सिस्टम एन्हान्स्ड'. तो अक्षरांना उपयोगी पडतो, चित्रांच्या बटणांना फारसा नाही. कोणताही पर्याय निवडला तरी प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडल्याशिवाय फरक दिसत नाही. निम्मे लोक इथेच 'काही झाले नाही' म्हणून सोडून देतात.

मेनूच नाहीसा झाला असेल तर एफ ११ दाबून पाहावे. पूर्ण पडद्याची कळ चुकून दाबली गेलेली असते.

एवढ्यानेही भागले नाही तरच सेटिंग्जच्या फाइलकडे वळावे. 'टूल्स' मेनूत 'रिसेट कॉन्फिगरेशन' आहे. मात्र त्याने टूलबारबरोबर सॅम्पल रेट (आवाजाचे सेकंदाला किती नमुने टिपायचे तो आकडा), रेकॉर्डिंगचे पर्याय आणि बाकीच्या निवडीही मूळ स्थितीत जातात, तेव्हा आधी त्या कागदावर लिहून घ्याव्यात. प्रोग्राम उघडतच नसेल तर विंडोजची कळ आणि आर दाबून येणाऱ्या चौकटीत, दोन टक्के-चिन्हांच्या मध्ये ॲपडेटा हा शब्द इंग्रजीत टाइप करावा. रोमिंग फोल्डर उघडेल, त्यात ऑडॅसिटी. तिथल्या सीएफजी फाइलचे नाव बदलावे. ती पुसू नये, जुनी मांडणी परत हवी झाली तर तीच कामी येते. आणि हे करताना ऑडॅसिटी बंद असलीच पाहिजे. उघडी असेल तर बंद होताना ती आपल्या डोक्यातली सेटिंग्ज पुन्हा लिहून टाकते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. मॅकवर हीच फाइल लायब्ररी फोल्डरातल्या 'ॲप्लिकेशन सपोर्ट'मध्ये असते. लायब्ररी लपवलेले असते, फाइंडरमध्ये ऑप्शन कळ दाबून धरून 'गो' मेनू उघडला की दिसते.

रीपर हा रेकॉर्डिंगचा दुसरा प्रोग्राम वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. टूलबारवर उजवी टिचकी, 'कस्टमाइझ', तिथे 'रिसेट'. नव्या संगणकावर टूलबार नेल्यावर चित्रांऐवजी नुसते शब्द दिसत असतील तर फक्त मेनूची आयएनआय फाइल आणली गेली आहे, डेटा फोल्डरातली 'टूलबार आयकॉन्स' मागे राहिली. स्वतः बनवलेली चित्रे मोठ्या पडद्यावर धुरकट दिसत असतील तर ९० बाय ३० ठिपक्यांच्या चित्राखेरीज १५० नावाच्या फोल्डरात १३५ बाय ४५ चे आणि २०० नावाच्या फोल्डरात १८० बाय ६० चे चित्रही ठेवावे लागते. तिप्पट रुंदीचे कारण एवढेच की एकाच चित्रात बटणाच्या तीन अवस्था शेजारी शेजारी असतात.

आपल्याला विनंती एकच. असे सल्ले छापताना कोणत्या आवृत्तीसाठी ते आहेत आणि मेनूचा पूर्ण मार्ग काय, या दोन गोष्टी सोबत छापाव्यात. वाचकाला आपली आवृत्ती 'हेल्प' मेनूतल्या 'अबाउट'मध्ये पाहता येते. मॅकवर तो पर्याय ऑडॅसिटीच्या नावाच्या मेनूत असतो.

आपला,
एक वाचक, सांगली