ताई, तुम्ही घ्यायलाही शिकवलंत

आदरणीय ताई,
प्रभूमध्ये सलाम.

परदेशातल्या मिशन दवाखान्यात तुमच्या हाताखाली काम करून आमची तुकडी परत आली, त्याला बरेच महिने झाले. चर्चच्या मंडळीपुढे अहवाल वाचून झाला, कौतुकही झालं. त्या अहवालात तुमचा उल्लेख जेमतेम एका ओळीत उरकला होता, ते मला खटकत राहिलं. म्हणून हे पत्र उघडपणे लिहितोय. नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. मिशनला निघालेल्या कुणाच्या हाती पडलं तर बरंच आहे.

निघताना आमची सगळी तयारी देण्याची होती. औषधं द्यायची, कपडे द्यायचे, साक्ष द्यायची, म्हणजे प्रभूविषयी सांगायचं. पहिल्याच संध्याकाळी तुम्ही बायबलमधला लूकचा 10वा अध्याय काढलात. प्रभू शिष्यांना पाठवताना थैली घेऊ नका, झोळी घेऊ नका म्हणतो, त्यावर उपदेश आम्ही भरपूर ऐकले होते. तुम्ही बोट ठेवलंत ते पुढच्या वचनांवर: ज्या घरी उतराल तिथेच राहा, घरं बदलत फिरू नका, पुढ्यात वाढतील ते खा. ‘‘पाठवलेला माणूस आधी पाहुणा असतो, आणि पाहुण्याने आल्या आल्या यजमानाचं घर आवरायला घ्यायचं नसतं,’’ असं तुम्ही म्हणालात तेव्हा आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी कपड्यांची खोकी तुम्ही सरळ तिथल्या चर्चच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांकडे सोपवलीत. कुणाला काय हवंय ते त्यांना ठाऊक. शिवाय वाटपानंतरची नाराजी निस्तरायला तेच मागे राहणार, आम्ही थोडेच! आमच्यातल्या एकदोघांचे चेहरे पडले. तुम्ही पाहिलंत आणि काही बोलला नाहीत.

पायाला जखम झालेले ते वयस्कर गृहस्थ आठवतात? त्यांना बाकावर बसवून तुम्ही खाली जमिनीवर बसायचात आणि त्यांचा पाय आपल्या मांडीवर घ्यायचात. पट्टीला हात लावण्याआधी दर वेळी ‘सोडू का?’ असं विचारायचात. पट्टी जखमेला चिकटलेली असे. तुम्ही सलाइन ओतून ती भिजू द्यायचात, बाहेर कितीही रांग असो. शेवटचा पदर त्यांना स्वतःच्या हाताने सोडवू द्यायचात, म्हणजे कुठे दुखतंय आणि कुठे थांबायचं ते त्यांच्या हाती राही. मी शेजारी ट्रे धरून उभा. पट्टी झाल्यावर आता प्रार्थना करूया, असं मला वाटायचं. तुमचं म्हणणं स्पष्ट होतं: त्यांनी मागितली तर करू. औषधाच्या रांगेतच प्रार्थना ठेवली, तर ती नको म्हणायची सोय आजारी माणसाला राहत नाही. त्यांनी कधी मागितली नाही. तुम्ही शेवटपर्यंत तितक्याच निगुतीने पट्टी बांधलीत.

सुवार्तेच्या बाबतीत हे मवाळपणाचं नाही का, असा वाद आमच्यात झालाच. 2011 साली व्हॅटिकन, जागतिक चर्च परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल संघटना यांनी मिळून साक्ष कशी द्यावी यावर एक निवेदन काढलं. लोकांच्या गरिबीचा आणि गरजेचा फायदा घेऊ नये, असं त्यात साफ म्हटलंय, हे तुम्ही तेव्हा दाखवलंत. एरवी एकमेकांशी कितीतरी बाबतींत न पटणारी ही मंडळी इथे एका ओळीत उभी राहिली, याचं मला अजून नवल वाटतं.

फोटोंचंही तसंच. रेडक्रॉस चळवळ आणि मदतसंस्थांची 1994ची आचारसंहिता तुम्ही आम्हाला वाचायला लावलीत. तिचं दहावं कलम सांगतं की, प्रसिद्धी करताना संकटातल्या माणसांना केविलवाणं करून दाखवू नका, त्यांचा मान राखा. तुम्ही त्यावर स्वतःची एक परीक्षा जोडलीत: फोटो काढलात की ज्याचा काढला त्याला दाखवा, आणि हा परक्या लोकांच्या सभेत पडद्यावर लावू का, असं विचारा. आमचे निम्मे फोटो तिथेच गळाले. अहवाल फिका पडला म्हणून कुरकुर झाली, पण आता तो पाहताना मान खाली घालावी लागत नाही.

एका रात्री तुम्ही अझरायांची गोष्ट सांगितलीत. 1910ची एडिंबराची जागतिक मिशनरी परिषद, समोर बहुतेक पाश्चात्त्य मिशनरी, आणि बोलायला उभे राहिलेले व्ही. एस. अझराया, जे दोनच वर्षांनी दोर्नकलचे बिशप झाले, अँग्लिकन मंडळीतले पहिले भारतीय बिशप. ते म्हणाले, तुम्ही गरिबांना जेवू घालायला आपली मालमत्ता दिलीत, शरीरंही जाळायला दिलीत. आम्ही प्रेमही मागतो, आम्हाला मित्र द्या. प्रेम नसेल तर बाकी सगळं व्यर्थ, असं सांगणारा पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा 13वा अध्याय त्यांनी मिशनऱ्यांनाच ऐकवला. ऐकणाऱ्यांतल्या काहींना ते झोंबलं. आज बाहेर जाणारे आपण आहोत, तेव्हा ते आपल्यालाही झोंबायला हवं, असं तुम्ही म्हणालात.

पण ताई, मैत्री म्हणजे काय ते मला कळलं तुम्ही तापाने पडलात तेव्हा. आम्ही सगळे धावलो. तुम्ही मात्र शेजारच्या बायकांना बोलावून घेतलंत. त्यांनी अंग पुसलं, केस विंचरले, तुमच्या उशाशी आळीपाळीने जागल्या, आणि तुम्ही संकोच न करता सगळं करून घेतलंत. त्यातल्या दोघी तुमच्याच पेशंट होत्या. प्रभूनेही विहिरीवर शोमरोनी स्त्रीशी बोलायला सुरुवात केली ती पाणी मागून, हे तुम्ही एरवी सांगायचात. त्या आठवड्यात त्या बायका दवाखान्यात ज्या हक्काने वावरल्या, तशा पूर्वी कधी वावरल्या नव्हत्या.

याबद्दल, आणि आम्हाला न रागावता सांभाळून घेतल्याबद्दल, मनापासून आभार. पुढच्या तुकडीतल्या दोन मुली तुमच्याकडेच येताहेत. भाषा शिकायला त्यांनी आत्तापासून सुरुवात केलीय. सामान कमी आणा, असं मी सांगितलंय. तरी खोकी येतीलच. ती कुणाकडे सोपवायची, हे त्यांना मी आधीच सांगून ठेवलंय.

प्रभूमध्ये तुमचा,
एक धाकटा भाऊ